आपल्या नदीचे पक्षी : मोबाईल घ्या, पण आवाज बंद ठेवा

आजचा विषय आहे पक्षीनिरीक्षण. त्यासाठी लांब अभयारण्यात जायची गरज नाही. जव्हार-मोखाड्यातली वाघ, पिंजाळ, लेंडी, यातली जी नदी जवळ असेल तिचा काठ पुरे.

सुरुवात खंड्यापासून करू. निळी पाठ, तपकिरी डोकं, पांढरा गळा आणि लाल जाड चोच, हा आपला नेहमीचा खंड्या. तो किडे, बेडूक, सरडेही खातो, म्हणून पाण्यापासून लांबही दिसतो. छोटा खंड्या चिमणीएवढा, पोट नारिंगी, पाण्याला लागून सुसाट जातो. आणि काळा-पांढरा कवड्या खंड्या हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, मग मासा दिसला की सरळ खाली सूर! म्हणजे रंग विसरलात तरी वागण्यावरून पक्षी ओळखता येतो.

धोबी पक्ष्याचंही तसंच. काळा-पांढरा, पांढऱ्या भुवईचा धोबी बारा महिने इथलाच. पिवळ्या पोटाचा करडा धोबी मात्र हिवाळ्यातला पाहुणा, उत्तरेकडून येतो.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे पावसाळ्यात धो-धो पाऊस, पण उन्हाळ्यात नद्या आटतात आणि मोजके डोह उरतात. पक्ष्यांना तिथेच यावं लागतं, गुरांना तिथेच, आणि काही पाड्यांवरच्या बायांनाही पाण्यासाठी तिथेच. त्यामुळे आपण डोहाच्या तोंडाशी कॅमेरा लावून बसलो, की पक्षी तहानलेलाच परत जातो. जरा लांब, झाडाआड बसा. पाणी भरणाऱ्यांचे फोटो न विचारता काढू नका.

याच दिवसांत टिटवी उघड्या दगडगोट्यांत अंडी घालते. अंडी दगडांसारखीच दिसतात. भर उन्हात ती अंगाची सावली धरते, पोटाची पिसं भिजवून आणते. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, तर समजा, अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत. जपून पाय टाकत मागे फिरा. आपण तिथे थांबू तितका वेळ अंडी उन्हात तापतात.

मोबाईलचं काय? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन हे ॲप फुकट आहे. घरीच भारताचा पॅक उतरवून ठेवलात, तर रेंज नसतानाही चालतं. पाहिलेल्या पक्ष्यांची यादी ई-बर्डवर टाका, ती अभ्यासकांच्या कामी येते. पण ॲपमधला आवाज नदीवर वाजवू नका. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. तो घरटं सोडून भांडायला येतो.

आणि हो, गलोल घरीच राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्षी मारणं, पकडणं, अंडी उचलणं गुन्हा आहे.

या रविवारी सकाळी अर्धा तास नदीवर जा. गावातल्या आजोबांना त्या पक्ष्याचं आपल्या बोलीतलं नावही विचारा, आणि यादीशेजारी लिहून ठेवा. ते नाव ॲपमध्ये सापडणार नाही.

भेटू पुढच्या भागात!