थांबायचं किती, आणि मग करायचं काय?



९ फेब्रुवारी २०२१ ची संध्याकाळ इथल्या बऱ्याच घरांना आठवत असेल. अमिरातीचं 'होप' यान, अरबीत 'अल-अमल', मंगळाच्या कक्षेत शिरत होतं. वेग कमी करण्यासाठी त्याची इंजिनं सुमारे २७ मिनिटं चालायची होती, आणि तिथून संदेश इथे यायलाच ११ मिनिटं लागत होती. म्हणजे काही बिघडलं असतं तर दुबईच्या केंद्रात ते ११ मिनिटांनी कळलं असतं आणि उत्तर पोचायला आणखी ११. यानावरच्या संगणकाला विचारायला कुणी नव्हतंच. कशाची वाट पाहायची, किती वेळ, आणि तेवढ्यात काही झालं नाही तर पुढे काय, हे असल्या संगणकात आधीच लिहून ठेवावं लागतं.

तुमच्या हातातल्या फोनलाही हे प्रश्न सेकंदाला हजारदा पडतात. सगळ्या ॲपच्या खाली एक कर्नल असतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क हे सगळं तोच वाटून देतो. आणि वाटायचं म्हटलं की रांग आली.

करामातला शेअरिंगचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. सहा जण, बाथरूम एक, सकाळची घाई. आत गेलेला कडी लावतो. कर्नलमध्ये तिला लॉक म्हणतात. बाहेरचा दोन तऱ्हांनी थांबू शकतो. दाराशीच उभं राहून सारखी कडी हलवून बघायची, किंवा 'झालं की हाक मार' म्हणून परत अंथरुणावर पडायचं. पहिला प्रकार म्हणजे स्पिनलॉक. आतला फक्त हात धूत असेल तरच तो परवडतो, कारण दाराशी उभा असलेला दुसरं काही करत नाही. म्हणूनच स्पिनलॉक हातात असताना झोपायचं नाही, हा कर्नल लिहिणाऱ्यांचा पहिला नियम. दुसरा प्रकार म्हणजे म्युटेक्स, झोपून थांबणं.

आता गंमत बघा. लिनक्स कर्नलच्या म्युटेक्सला वेळेची मर्यादाच देता येत नाही. 'दोन सेकंद थांबतो, नाही मिळालं तर जातो' अशी सोय तिथे ठेवलेली नाही. मला हे योग्य वाटतं. कडी लावणारा घरचाच असतो, म्हणजे कर्नलचाच कोड. तो बाहेर येत नसेल तर ती चूक आहे आणि ती शोधली पाहिजे. घड्याळ लावून ती फक्त झाकली जाते. लिनक्समध्ये त्यासाठी एक पहारेकरीही असतो. एखादं काम १२० सेकंद उठवता न येण्याजोग्या झोपेत अडकलं, तर तो नोंदवहीत त्याचं नाव लिहितो. पण डिस्क, नेटवर्क कार्ड, सेन्सर ही बाहेरची माणसं. ती कधी उत्तर देतील याची हमी नाही. तिथे मात्र घड्याळ लावूनच थांबायचं. वेळ संपल्यावरही निघण्याआधी एकदा शेवटचं डोकावायचं, कारण उत्तर नेमकं त्याच क्षणी आलेलं असू शकतं. लिनक्समधल्या अशा थांबण्याच्या कोडमध्ये हे डोकावणं घातलेलंच आहे.

घरचाच माणूस अडकला तर काय होतं, हे नासाच्या पाथफाइंडरने दाखवलं. ४ जुलै १९९७ ला ते मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला. हवामानाची नोंद करणारं एक कमी महत्त्वाचं काम लॉक घेऊन बसे. तेवढ्यात मधल्या दर्जाचं, लांबलचक काम येऊन प्रोसेसर बळकावे. त्यामुळे लॉकवाल्याला बाहेर यायला वेळच मिळेना, आणि जास्त महत्त्वाचं काम दाराशी ताटकळत राही. ते वेळेत झालं नाही हे राखणदार कामाच्या लक्षात आलं की ते अख्खा संगणकच पुन्हा सुरू करी. दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवशी. म्हणजे टाइमआउटने यान वाचवलं खरं, पण दुखणं तसंच राहिलं. उपाय निराळा होता: महत्त्वाचं काम ज्याच्यासाठी थांबलंय, त्याला तेवढ्यापुरता वरचा दर्जा द्यायचा. लुई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्येच तो सविस्तर मांडला होता. यानाच्या प्रणालीत ती सोय होती, फक्त त्या लॉकपुरती बंद होती. पृथ्वीवरच्या जुळ्या संगणकावर बिघाड पुन्हा घडवून अभियंत्यांनी तो शोधला आणि इथूनच ती सोय चालू केली.

आता टाइमआउटची खरी अडचण. वेळ संपली म्हणजे काम झालं नाही असं नव्हे. वेळ संपली म्हणजे आपल्याला माहीत नाही, एवढंच. कर्नलने डिस्कला सांगितलं, 'ही माहिती या मेमरीत आणून ठेव,' आणि वाट पाहून ती मेमरी दुसऱ्या कामाला दिली. डिस्क उशिरा जागी झाली तर ती भलत्याच्याच ताटात वाढून मोकळी होईल. म्हणून लिनक्स साधारणपणे डिस्कच्या हुकुमाला ३० सेकंद देतो, आणि ते संपले की लगेच पुढे जात नाही. आधी हुकूम रद्द करायला सांगतो. तेही जमलं नाही तर उपकरण रीसेट करतो, मग त्याच्या वरचं कंट्रोलर. जुना हुकूम आता येणार नाही अशी खात्री झाल्यावरच ती मेमरी मोकळी होते.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावी पैसे पाठवताना ॲप गोल गोल फिरतं आणि 'टाइमआउट' असा संदेश येतो, तेव्हा हेच आठवा. तुमच्या फोनने वाट पाहणं सोडलंय. एक्स्चेंजच्या किंवा बँकेच्या सर्व्हरने काम सोडलं असेलच असं नाही. पुन्हा 'पाठवा' दाबलं तर आईच्या खात्यात दोनदा रक्कम जाऊ शकते, आणि ती परत मागायला किती फोन करावे लागतात ते तुम्हाला सांगायला नको. चांगल्या ॲपमध्ये दुसऱ्या प्रयत्नालाही तोच व्यवहार क्रमांक जातो आणि सर्व्हर तो ओळखून दुसरा हुकूम टाकून देतो. पण तुमचं ॲप तसं आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. तेव्हा आधी व्यवहारांच्या यादीत बघा. तिथे 'प्रलंबित' दिसत असेल, तर त्याचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्यांदा दाबू नका.