बाळाची धाप ऐकू नका, बघा

हिवाळ्यात संगमनेर-अकोले तालुक्यांच्या भागात लहान मुलांनी आजारी पडायला कारणं पुष्कळ असतात. पठारभागावरची थंडी, साखर कारखान्याच्या हंगामात फडालगत पडलेल्या कोप्या आणि त्यात पेटलेल्या चुली, शहरात विड्या वळणाऱ्या आईच्या सुपाशेजारीच तंबाखूच्या धुळीत खेळणारं मूल. तसं पाहिलं तर दीड-दोन वर्षांच्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं यात वावगं काही नाही. त्यातली बहुतेक आजारपणं आठवडाभरात आपोआप सरतात. प्रश्न उरतो तो थोड्या मुलांचा, ज्यांच्यासाठी काही तासही मोलाचे असतात. ती मुलं ओळखायची कशी, याबद्दल घराघरांत ठाम समज आहेत. त्यातले काही निरुपद्रवी आहेत, काही जिवावर बेतणारे.

“छाती केवढी घरघरतेय, न्यूमोनियाच असणार!”

आजीनं पाठीवर हात ठेवला की हाताला घरघर लागते आणि घर हादरतं. पण दोन वर्षांच्या मुलाचं नाक इतकं अरुंद असतं की थोडा शेंबूड अडकला तरी त्याचा आवाज छातीभर घुमतो. मिठाच्या पाण्याचे, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनचे, दोन थेंब नाकात टाकले, नाक मोकळं झालं, मूल दूध प्यायलं आणि पुन्हा खेळायला लागलं, तर त्या घरघरीसाठी रात्री धावपळ करायची गरज नसते.

उलट, खऱ्या न्यूमोनियात आवाज अगदी कमी असू शकतो. श्वास घेऊन थकलेलं मूल खोकणंही कमी करतं, गप्प पडून राहतं, आणि घरच्यांना वाटतं की झोप लागली, आराम पडला. हा गैरसमज सगळ्यांत घातक आहे. म्हणून खोकल्याचा आवाज बाजूला ठेवायचा आणि अंगावरचं कापड वर करून छाती-पोटाकडे बघायचं.

बघायचं काय? पहिली गोष्ट, श्वासाचा वेग. मूल शांत असताना, झोपेत किंवा मांडीवर असताना, मोबाइलवर एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. पूर्ण मिनिट द्यायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, तर तो जलद श्वास. रडताना किंवा चढत्या तापात आकडा फुगतो. म्हणून शांत झाल्यावर, ताप उतरल्यावर पुन्हा मोजायचं. तरीही आकडा तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत आणि आपल्या आशाताईंनाही प्रशिक्षणात हेच शिकवलेले असतात.

एवढ्या साध्या मोजणीनं काय होतं, असं कुणाला वाटेल. याचं सर्वांत चोख उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीच्या खेड्यांमध्ये गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि निरक्षर दायांना बालन्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्या दायांना पन्नासपर्यंत आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं एक साधन तयार केलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि दर दहा श्वासांना सरकवायचा एक मणी. वाळू संपायच्या आत ओळीतले सगळे मणी सरकले की न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. १९९० साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष आले. या लोकांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या मुलांमध्ये शंभरात एकाहूनही कमी मूल दगावलं होतं. जिथं हा कार्यक्रम नव्हता त्या शेजारच्या गावांत हेच प्रमाण शंभरात तेराच्या पुढं होतं. उपचार करणाऱ्या या दायांकडे ना एक्स-रे होता, ना स्टेथोस्कोप. जे गडचिरोलीच्या निरक्षर दाईला जमलं ते हातात मोबाइल असलेल्या कुठल्याही आई-बापाला जमेल.

“पोट उडतंय, डबा झालाय. डाग दिला की उतरतं.”

मुलाच्या धापेला ‘डबा’ म्हणणाऱ्यांचं निरीक्षण अर्धं बरोबर आहे, उपाय पूर्ण चुकीचा. लहान मुलं मुळातच पोटानं श्वास घेतात, त्यामुळे नुसतं पोट हलणं हे आजाराचं लक्षण नव्हे. नजर थोडी वर, शेवटच्या बरगडीपाशी न्यायची. श्वास आत घेताना निरोगी मुलाची छाती आणि पोट दोन्ही वर येतात. फुप्फुसं कडक झाली असतील तर पोट वर येतं आणि त्याच क्षणी बरगड्यांखालचा भाग आत खेचला जातो, तिथं खळगी पडते. बरगड्यांच्या मधली कातडी, गळ्याखालचा खड्डा हेही आत ओढले जातात, नाकपुड्या फुलतात, काही मुलं प्रत्येक श्वासाला मान हलवतात किंवा कण्हतात. असं मूल मिनिटाला ३५ श्वास घेत असलं तरी थांबायचं नाही. आकड्यापेक्षा ही खळगी मोठी खूण आहे, आणि ती दिसली की दवाखाना गाठायचा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

डागण्यानं, बिब्बा घालण्यानं किंवा पोटावर चटके देण्यानं फुप्फुसातला संसर्ग कमी होत नाही. मूल वेदनेनं आणखी थकतं, जखमेतून आणखी जंतू शिरतात, आणि मुख्य म्हणजे वेळ जातो. २०२५च्या फेब्रुवारीत मेळघाटात श्वासाचा त्रास होणाऱ्या अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला तापल्या लोखंडाचे ६५ चटके दिल्याची घटना राज्यभर गाजली. ते मेळघाटातलं, आपल्याकडं तसं नाही, असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. बिब्ब्याचे गोल डाग पोटावर घेऊन मोठी झालेली माणसं आपल्याही गावांत आहेत.

“ताप नाही ना, मग कशाला घाबरायचं?”

तापाशिवायही श्वास अडकतो. दम्याची उबळ, दोन वर्षांखालच्या मुलांच्या बारीक श्वासनळ्या सुजवणारा ब्राँकिओलायटिस, घशात अडकलेला दाणा, यांपैकी कशातही ताप असायलाच हवा असं नाही. कुपोषित मुलाला आणि अगदी तान्ह्या बाळाला तर न्यूमोनियातही ताप येईलच याची खात्री नसते. हेच दात येण्याबद्दल. दात येताना लाळ गळते, मूल किरकिर करतं. पण दातामुळे धाप लागत नाही. “दात येतायत” या वाक्याखाली बरेच आजार दोन-दोन दिवस दडून राहतात.

ओठ निळे पडले की मगच गंभीर, हाही असाच समज. निळेपणा ही शेवटच्या पायरीवरची खूण आहे, आणि सावळ्या मुलात ती ओठांपेक्षा जिभेवर आणि हिरड्यांवर आधी कळते. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत पडून आहे. तो मोठ्यांच्या बोटासाठी बनवलेला असतो. दीड वर्षाच्या मुलाच्या चिमुकल्या, हलणाऱ्या बोटावर तो भलतेच आकडे दाखवतो. ९४च्या खाली आकडा येत असेल तर जरूर जा. पण त्यानं ९८ दाखवले म्हणून बरगड्यांखाली खळगी पडलेल्या मुलाला घरी ठेवू नका.

“ठसका लागला होता, आता बरा आहे.”

याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या सणाचाच इथं संबंध येतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोरन्हाण होतं. पाच वर्षांच्या आतलं मूल मधोमध, आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, हलवा, हल्ली गोळ्या-चॉकलेटंही. भोवतालची पोरं झुंबड करून वेचतात आणि तोंडात टाकतात. दाढा नसलेल्या, हसत-पळत खाणाऱ्या मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा जायला याहून सोयीची वेळ नाही. एरवीही शेंगदाणे, फुटाणे, सीताफळाच्या बिया, सुपारीचं खांड हेच नेहमीचे गुन्हेगार.

घडतं असं: मूल अचानक ठसकतं, लालबुंद होतं, मिनिटभरात ठसका थांबतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. दाणा मात्र खाली एका बाजूच्या नळीत जाऊन बसलेला असतो. पुढं खोकला रेंगाळतो, एकाच बाजूला शिट्टीसारखा आवाज येतो, पुन्हा पुन्हा “न्यूमोनिया” होतो, औषधं बदलत राहतात. शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणजे काही नाही, असंही धरता येत नाही. दुर्बिणीनं तपासून तो काढावा लागतो. म्हणून जोराचा ठसका लागून गेला असेल तर मूल खेळत असलं तरी डॉक्टरांना दाखवा, आणि “काय खात होता” हे आठवणीनं सांगा. मुलाला खोकला लागून आठवडे झाले असले तरी ती गोष्ट सांगा.

अडकलं त्या क्षणी काय करायचं? मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर खोकू द्या. तोच उत्तम उपाय आहे. आवाज फुटत नसेल, श्वास येत नसेल, तर त्याला पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहातानं पाच जोरकस थापा द्या. उपयोग झाला नाही तर वर्षावरील मुलाला मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीनं आत आणि वर असे पाच झटके द्या. वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही, त्याच्या छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाचदा दाबायचं. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवायचं आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ला फोन लावायचा. मूल निपचित पडलं तर फोनवरच्या माणसाच्या सूचनेप्रमाणे छाती दाबायला सुरुवात करायची. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नका, ती आणखी खाली जाते.

पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, कूट द्यावं. बोरन्हाणात चुरमुरे आणि मोठी बिस्किटं ठेवली तरी मुलांचं कौतुक तेवढंच होतं.

घरगुती उपाय, सिरप आणि पंप

ओव्याची पुरचुंडी कपड्यावर ठेवली तर नुकसान नाही, मात्र ती गरम करून छातीवर दाबली की कातडी भाजते. चमचाभर ब्रँडी पाजल्यानं श्वास मंदावतो आणि साखर उतरते. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. नाकात टाकलेलं तेल थेट फुप्फुसात उतरतं आणि तिथं बसून वेगळाच न्यूमोनिया करतं. अंघोळीनंतरची धुरी सुगंधी असली तरी धूरच. उकळत्या पाण्याच्या भांड्याची वाफ तर भाजण्याचं हमखास कारण.

दुकानातून आणलेलं खोकल्याचं औषध हा याहून गंभीर विषय. २०२५च्या शरदात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं सिरप पिऊन वीसहून अधिक मुलं गेली. त्यातल्या कित्येकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले होते. त्याच सुमारास केंद्रीय आरोग्य खात्यानं सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा लागत नाहीत. सिरप शुद्ध असलं तरी त्यानं धाप कमी होत नाही. काही सिरपांनी गुंगी येते, आणि गुंगीतलं मूल थकलेलं आहे की झोपलेलं, हेच कळेनासं होतं.

याउलट ज्या औषधाची गरज असते त्याचीच भीती बाळगली जाते. “पंपाची सवय लागते” म्हणून दम्याच्या मुलांचे इनहेलर कपाटात पडून राहतात. सवय लागत नाही. औषध थेट श्वासनळीत पोचत असल्यानं सिरपपेक्षा मात्रा फार कमी लागते, आणि पंपाला जोडायची नळी (स्पेसर) व छोटा मास्क लावून वर्षाचं मूलही ते घेऊ शकतं.

लशींचं थोडक्यात: पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल या लशी सरकारी केंद्रात मोफत आहेत. न्यूमोकोकलचे डोस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने असे असतात. एखादा राहिला असेल तर आशाताईंना कार्ड दाखवा.

निघायचं कधी

बरगड्यांखाली खळगी, शांत असतानाही श्वास घेताना घशातून कर्कश आवाज, दूध-पाणी पिणं बंद, घेतलेलं सगळं उलटून पडणं, झटके, हाक मारली तरी डोळे न उघडणं, जीभ-ओठ निळे किंवा राखाडी, श्वास मधेच थांबणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. वर्षाखालच्या, कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या किंवा हृदयाचा दोष असलेल्या मुलासाठी तर नुसता जलद श्वासही लगेच निघायला पुरेसा आहे.

घारगाव-बोट्याकडून किंवा साकूरकडून रात्री संगमनेर गाठायचं म्हणजे वेळ जाणारच, आणि तिथून पुढं लोणी किंवा नाशिकला हलवावं लागलं तर आणखी. तेव्हा मूल बरं असतानाच चौकशी करून ठेवा: घुलेवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या दवाखान्यात रात्री लहान मुलांसाठी ऑक्सिजन आणि डॉक्टर असतात का? १०८ रुग्णवाहिका मोफत आहे आणि तिच्यात ऑक्सिजन असतो. मोटरसायकलवर थंड वाऱ्यात नेण्यापेक्षा ती बोलवा. वाटेत मुलाला आडवं झोपवू नका, छातीशी उभं धरा. धाप असताना बळजबरीनं चमच्यानं काही पाजू नका. आणि शक्य असेल तर निघण्यापूर्वी उघड्या पोटाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा. डॉक्टरांना तो दाखवा.