सोळा किलोबाइटांचा डळमळता संसार

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने मार्च 1981 मध्ये झेडएक्स 81 हा घरगुती संगणक 69.95 पौंडांस विक्रीस काढला, तेव्हा किंमत इतकी खाली आणण्यासाठी जी काटकसर झाली तिची झळ प्रथम मेमरीला लागली. कारण आतली मेमरी अवघी 1 किलोबाइट, आणि पडदा पूर्ण भरला तर तिचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग तोच गिळंकृत करी. म्हणून लोक वेगळे दाम मोजून 16 किलोबाइटांचा रॅम पॅक घेत, आणि त्या यंत्राच्या सर्वांत मशहूर व्याधीला तेथूनच आरंभ होई.

यंत्राच्या पाठीमागे उघड्या असलेल्या सर्किट बोर्डाच्या कडेवर हा पॅक नुसता खोचलेला असे. ना कडी, ना स्क्रू. सपाट कळफलकावर बोट जरा जोरात पडले की पॅक डुले, क्षणभर संपर्क तुटे, आणि कॅसेटवरून मिनिटेच्या मिनिटे खर्चून उतरवलेला प्रोग्रॅम जागच्या जागी नष्ट होई. ब्लू-टॅकचे गोळे, वेल्क्रोच्या पट्ट्या, दोन्ही वस्तू एकाच फळीवर जखडणे असे नाना इलाज झाले. त्यांनी डुलणे थांबे. कडेवर चढलेला गंज मात्र तसाच राही, आणि दोष चिप्सच्या माथी मारला जाई.

वस्तुतः यंत्र स्वतःच साक्ष देत असे. सुरू होताच ते मेमरीच्या प्रत्येक घरात 2 हा आकडा लिही, मग खालून वर जात प्रत्येक घर दोनदा एकेकाने घटवून शून्य होते की नाही याची खातरजमा करी, आणि जेथे हिशेब चुके तेथे मेमरीची हद्द ठरवी. ती हद्द 16388 व 16389 या पत्त्यांवर नोंदलेली असे. दुसरा आकडा 256 ने गुणून पहिल्यात मिळवला आणि 32768 आले तर पॅक शाबूत, 17408 आले तर यंत्राला पॅक दिसलेलाच नाही. एवढी सोपी तपासणी हाताशी असताना लोक थेट डाग देण्याची सळई उचलत, याचे मला नवल वाटते.

पुढे काळाने दुखणे बदलले. पॅकमधल्या आठ 4116 चिप्सना अधिक 12, अधिक 5 आणि उणे 5 असे तीन व्होल्टेज लागत, आणि त्यांतले काही पॅकमध्येच तयार करणारे छोटे सर्किट म्हातारे होऊन उणे 5 बंद पडले, तर चिप्स तापून कायमच्या निकामी होत. म्हणून आज जाणकार आधी वीज बंद करून कड पेन्सिलच्या खोडरबराने घासतात आणि मग मीटर लावून तिन्ही व्होल्टेज मोजतात. काही जण तर आतली 1 किलोबाइटची मेमरी काढून तेथे 32 किलोबाइटची एकच चिप बसवतात व पॅकला रजा देतात.