मैदान आधी, संघ नंतर

आशियाई क्रीडास्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताने १९५१ साली दिल्लीत व १९६२ साली जाकार्तात जिंकले. २००२ पासून ही स्पर्धा प्रामुख्याने तरुण संघांची झाली. २०१८ साली भारताने संघ पाठविलाच नाही. २०२३ साली हांगझोऊला पाठविला तो घाईघाईने जुळविलेला. पहिल्याच सामन्यात चीनने त्याला ५-१ असे हरविले.

त्याच हांगझोऊत बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्णपदक पटकाविले. शाळेची वाट हेच त्यांचे पहिले मैदान. पुढे लष्कराने त्यांना घडविले. धावपटू असा एकाकी जिद्दीने वर येऊ शकतो. फुटबॉलचे तसे नाही. तेथे अकरा जण वर्षानुवर्षे एकत्र खेळावे लागतात. बीडमध्ये तर ऊसतोडीचा हंगाम लागला, की आईबापांबरोबर कित्येक मुलेही कारखान्यांकडे जातात. वर्गच जेथे फुटतो, तेथे संघ कसा टिकावा?

म्हणून हंगामी वसतिगृह, त्यालगत मैदान आणि एक शिक्षक, ही मागणी चैनीची नव्हे. एका साबळ्यांच्या पदकावर जिल्ह्याने किती काळ समाधान मानावे?