मित्राच्या शिडाच्या नौकेवरील पाहुणचार

मावळातील पाले येथील लेण्यात अरिहंतांच्या वंदनाने सुरू होणारा प्राचीन ब्राह्मी शिलालेख आहे. लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, करविल्याची त्यात नोंद आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतील माल बोरघाट चढून याच परिसरातून देशावर जाई. त्या वाटेवरील लोणावळा-कामशेतच्या एखाद्या व्यापारी कुटुंबाला सेशेल्सच्या बेटांतून परदेशस्थ मित्राने आपल्या शिडाच्या नौकेवर आठ दिवस राहावयास बोलाविले, तर पहिला विचार पुन्हा पाण्याचाच करावा लागतो.

नौकेवरील गोड्या पाण्याची टाकी मर्यादित असते. समुद्रात स्नान करून शेवटी तांब्याभर गोडे पाणी अंगावर घ्यावयाचे, हा तेथील शिरस्ता. गाळून आणि मोजून पाणी वापरणाऱ्या घरांना तो जड जाऊ नये. चौविहाराचीही तेथे फारशी ओढाताण होत नाही. विषुववृत्ताजवळ बारा महिने सहा-साडेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि पाण्याखालील प्रवाळ दिसावेत म्हणून जाणते नावाडी उजेड असतानाच नांगर टाकतात.

खरी अडचण निराळीच आहे. शीतकपाटावर भार न टाकता टिकणारे बटाटे आणि कांदे हे नौकेच्या स्वयंपाकघराचे मुख्य आधार. शिवाय चालत्या नौकेमागे मासेमारीचा गळ सोडणे अनेक खलाशांना अगदी स्वाभाविक वाटते. पाहुण्याने हे पाहून तेथे तोंड फिरविणे म्हणजे यजमानाचा अवमान. निमंत्रण स्वीकारतानाच नम्रपणे सांगणे अधिक सभ्यपणाचे. सोबत मूगडाळ, खाखरे, पापड आणि अर्थातच लोणावळ्याची चिक्की असावी. मात्र बी-बियाणे, ताजी फळे व भाज्या यांबाबत बेटांवरील नियम कडक असतात, ते आधी पाहून घ्यावेत.

आता हिशेब. मैत्रीत पैशाचा विषय काढण्याचा संकोच व्यापाऱ्यांनाही होतो, हे नवल! किराणा, इंधन आणि नांगरशुल्क यांतील वाटा आधीच ठरवावा. त्याला भाड्याचे स्वरूप मात्र येऊ देऊ नये. भाडोत्री प्रवासी नेल्याचे दिसल्यास यजमानाचा खासगी नौकाविमा अडचणीत येऊ शकतो. पाहुण्यांनीही आपल्या प्रवासविम्यात शिडाच्या नौकेवरील प्रवास अंतर्भूत आहे का, हे अटी वाचून तपासावे. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

माहेहून प्रालँ बेट सुमारे 45 किलोमीटर. सकाळी शिडे उभारली, तर वारा अनुकूल असता दुपारपर्यंत पोहोचता येते. तेथील व्हाले द मे या अरण्याला युनेस्कोने 1983 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. काष्ठौषधींच्या दुकानांत दर्याई नारळ म्हणून विकल्या जाणाऱ्या फळाचे माड तेथे उभे आहेत. वनस्पतिसृष्टीतील सर्वांत जड बी याच फळाचे. बेटांचा शोध लागण्यापूर्वी ते समुद्रातून वाहत आपल्या किनाऱ्याला लागे, म्हणून हे नाव. आठवण म्हणून ते आणावयाचे झाल्यास अधिकृत परवाना लागतो, आणि परतीच्या विमानातील सामानाचे वजनही पाहावे लागते.