ठेकेदार काम अर्धवट टाकून गेला तर काय करायचं?

पावसाळ्याआधी घराचं काम उरकून घ्यायचं म्हणून आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चपासूनच धावपळ सुरू होते. मुलाने आखातातून पाठवलेले पैसे, वडिलांचा फंड, एखादी भिशी, सगळं त्यात घातलं जातं. खाली आपण राहू, वरचा मजला भाड्याने देऊ, असा साधा हिसाब असतो. मग निम्म्याहून जास्त पैसे घेतल्यावर ठेकेदाराचे मजूर येईनासे होतात. फोन केला की "बस, दोन दिवसांत येतो." ते दोन दिवस काही संपत नाहीत.

अशा वेळी भांडणाने काम पुढे सरकत नाही. कागद आणि आकडे हातात असतील तर सरकतं.

सुरुवातच कागदावर

ठेकेदार बहुतेक ओळखीचा, बिरादरीतला असतो. लिहून मागायला आपल्याला संकोच वाटतो. पण कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत (सूरह बकरा, आयत 282) ठरलेल्या मुदतीचा उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि त्यावर साक्षीदार घेण्याबद्दलच आहे. कागद मागितला म्हणजे समोरच्यावर शक घेतला, असं होत नाही. उद्या दोघांपैकी कोणी विसरलं तर कागद बोलतो.

करारात एवढं तरी असावं: ठेका फक्त मजुरीचा की मालासकट, सिमेंट-सळई-लाद्या कोणत्या, एकूण रक्कम, काम संपवण्याची तारीख आणि वाढीव कामाचा दर. हार्डवेअरच्या दुकानात आपल्या नावावर उधारी कोण करू शकतो, हेही लिहा. नाहीतर ठेकेदार गेल्यावर दुकानदार बिल घेऊन आपल्या दारात उभा राहतो.

पैसे कामाच्या मागे चालावेत

समजा मालासकट ठेका 6 लाखांचा आहे. सुरुवातीला 60 हजार, स्लॅब झाल्यावर 1 लाख 80 हजार, भिंती आणि प्लास्टर झाल्यावर 1 लाख 50 हजार, नळ-वायरिंग-वॉटरप्रूफिंगनंतर 90 हजार, लाद्या-रंगानंतर 90 हजार. उरलेले 30 हजार पहिला पाऊस पडून गळती नाही हे पाहिल्यावरच द्यायचे. हा फक्त नमुना आहे. आपल्या कामाप्रमाणे टप्पे बदला, पण झालेल्या कामापेक्षा जास्त रक्कम ठेकेदाराकडे जाऊ देऊ नका. पैसे शक्यतो बँकेतून द्या. रोख दिले तर तारखेसह सही घ्या.

काम थांबलंच तर

पहिलं, नवीन पैसे देणं बंद. "हे पन्नास दिले की उद्यापासून माणसं लावतो," यावर विश्वास ठेवू नका.

दुसरं, घराचे फोटो आणि व्हिडिओ काढा आणि त्रयस्थ इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप लेखी घ्या. समजा आपण 4 लाख दिले आणि झालेलं काम व पडून असलेला माल मिळून 2 लाख 60 हजारांचा निघाला. म्हणजे 1 लाख 40 हजार जास्त गेले. आता "त्याने फसवलं" असं म्हणण्याऐवजी आपल्या हातात आकडा आहे.

तिसरं, ठेकेदाराला लेखी कळवा: अमुक तारखेपर्यंत काम सुरू करा, नाहीतर हिसाब करून पैसे परत द्या. व्हॉट्सॲपवर पाठवाच, पोस्टानेही पाठवा आणि पोच जपून ठेवा. जमातीतल्या मोठ्यांना मध्ये घेऊन तडजोड होत असेल तर उत्तम, पण तीही तारखांसह लिहून दोघांच्या सह्या घ्या. हे सगळं होण्याआधी दुसरा ठेकेदार लावू नका. जुनं काम कोणतं आणि नवं कोणतं, हे नंतर सिद्ध करता येत नाही.

दाद कुठे मागायची?

पुष्कळ लोक आधी महारेराचं नाव घेतात. रेरा कायदा विक्रीसाठी प्रकल्प बांधणाऱ्या बिल्डरसाठी आहे. आपल्या घराच्या दुरुस्तीचा ठेकेदार त्यात येत नाही.

खरा रस्ता ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये घरबांधणी ही सेवा मानली आहे. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. 5 लाखांपर्यंत फी नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि मुदत 2 वर्षांची आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून माहिती घेता येते. मात्र पूर्ण काम भाड्याच्या उत्पन्नासाठीच असेल तर "हा व्यापारी हेतू आहे" अशी हरकत समोरून येऊ शकते. तेव्हा वकिलाचा सल्ला घ्या. दिवाणी दाव्याचा रस्ता तरीही राहतो, त्याची मुदत साधारण 3 वर्षांची.

ठेकेदाराने परतफेडीचा चेक दिला आणि तो बाउन्स झाला, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला 15 दिवस असतात. नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते. या तारखा चुकवू नका.

पोलीस ठाण्यात मात्र "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकायची तयारी ठेवा. काम अपुरं राहणं हा आपोआप फसवणुकीचा गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच त्याची नियत खोटी होती, हे दाखवावं लागतं.

म्हणून घरात काम चालू असेल तर आजच एक फाईल करा: करार, पावत्या, फोटो, मोजमाप, मेसेज. ठेकेदार प्रामाणिक निघाला तर ती कपाटात पडून राहील. नाही निघाला तर आपली बाजू त्याच फाईलमधून मांडता येईल.