स्वाहिली शिकलो, पण फोन चुकला

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून ही गोष्ट इथे नीट लिहितोय.

मंचरला माझं फवारणी पंप आणि ठिबकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पुण्यातल्या एका प्रदर्शनात टांझानियातल्या अरुशाचे एक व्यापारी भेटले. नोझल आवडले, पण त्यांचं इंग्रजी तुटक. तिकडे प्राथमिक शाळा आणि बाजार दोन्ही स्वाहिलीत चालतात, केनियातही ती राजभाषा आहे. म्हटलं, शिकूया. एका विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या कोर्सला नाव घातलं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण पुस्तकं दोन महिने उशिरा आली! तोवर 'लँग्वेज ट्रान्सफर'चा फुकटचा ऑडिओ कोर्स ऐकला.

सुरुवातीला वाटलं, अरे, ही तर आपलीच भाषा. दुकान म्हणजे 'दुका', दुकानात म्हणजे 'दुकानी'. हिशोब 'हेसाबू', फायदा 'फाइदा', लाख 'लाकी'. असे बरेच शब्द दोन्ही किनाऱ्यांना पोचलेत.

मग व्याकरणाने गाठलं. मराठीत आपण शब्दाचं शेपूट बदलतो, तिथे डोकं बदलतं. एक गिऱ्हाईक 'म्तेजा', अनेक 'वातेजा'. 'किताबू' म्हणजे पुस्तक. शब्द अरबी, पण त्यातला 'कि' त्यांनी आपला उपसर्ग मानला आणि अनेकवचन केलं 'विताबू'! वडिलांचे टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात गेलो, की क्रेट उतरेपर्यंत मी घोकायचो: 'निनाउझा न्यान्या', मी टोमॅटो विकतो. 'निताउझा न्यान्या', मी टोमॅटो विकेन. शेजारचे शेतकरी बघत राहायचे.

पाचव्या महिन्यात त्या व्यापाऱ्यांचा मेसेज आला: उद्या 'सा न्ने'ला फोन करा. न्ने म्हणजे चार. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे, म्हणून मी बरोबर साडेसहाला फोन लावला. ते सकाळीच वाट बघून थांबले होते आणि दुपारी ऑर्डर दुसऱ्याला देऊन मोकळे झाले.

झालं असं, की स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. सात वाजले की पहिला तास, दहा वाजले की चौथा. म्हणजे फोन आपल्या साडेबाराला करायचा होता. हे पुस्तकाच्या नवव्या पाठात होतं. मी सहाव्यावर होतो, आणि स्वाध्यायात मात्र पैकीच्या पैकी मार्क!

दूरशिक्षण वाईट नाही, पण पाठांचा क्रम परीक्षेसाठी लावलेला असतो, धंद्यासाठी नाही. मी आता आकडे, वेळ, भाव आणि उधारी हे पाठ आधी काढले. 'बेई गानी', म्हणजे भाव काय, हे रोज मोठ्याने म्हणतो. पुण्यात शिकणारा एक टांझानियन मुलगा रविवारी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बोलतो. मी त्याला मराठी शिकवतो, फी कुणाचीच नाही. आणि वेळ ठरली की दोन्हीकडची लिहून पाठवतो.

त्या व्यापाऱ्यांनी पुन्हा नमुना मागवलाय, शंभरच नोझल. गुरुवारी फोन आहे, 'सा तानो असुबुही'. त्यांचे सकाळचे अकरा, आपला दीड.